श्रावणातला एक सप्ताह

१ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

श्रावणातला दुसरा शुक्रवार. जिवतीला आघाडा-दुर्वांची नवी माळ घातली, पुरण केलं. लेक मुग्धा नातीला, छकुलीला, मांडीवर घेऊन पाटावर बसली, दोघींना ओवाळलं. चित्रातल्या जरा-जिवंतिका नेहमीसारख्याच अंगाखांद्यावर पोरं घेऊन बसलेल्या. छकुलीला निरांजनाचं कौतुक, बाकी कशाचं नाही.

आजच जागतिक स्तनपान सप्ताह सुरू झाला. १९९२पासून १ ते ७ ऑगस्ट हा सप्ताह पाळतात. नोकरीत असताना या आठवड्यात प्रसूती वॉर्डात आमची धांदल असायची. भिंतीवर तक्ते, रांगोळी, प्रमुख पाहुणे, त्यांचं लांबलेलं भाषण, आणि तेवढ्यात कुणाचं तरी मूल टाहो फोडायचं. पहिल्या तासात छातीला लावा, चीक टाकू नका, सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत सहा महिन्यांच्या आतली केवळ आईच्या दुधावरची बाळं ६३.७ टक्के निघाली, चौथ्या फेरीत ५४.९ होती. म्हणजे सांगितलेलं बायकांनी ऐकलं. पहिल्या तासात पाजण्याचा आकडा मात्र ४१.८वरच आहे, आणि तो बायकांच्या हातात थोडा, आमच्यासारख्यांच्या हातात जास्त.

तक्त्यावरची आई कायम घरातल्या पलंगावर बसलेली असायची. कुठल्याही तक्त्यावर ती बसच्या सीटवर किंवा हॉटेलच्या टेबलाशी असल्याचं मला आठवत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

जावई निखिलरावांचा वाढदिवस, म्हणून थाळी जेवायला गेलो. हॉटेलचं नाव लिहीत नाही. जुनं आहे, गर्दीचं आहे, आमटी चांगली असते.

दुसऱ्यांदा पुऱ्या आल्या आणि छकुली उठली. मुग्धानं तिला कुशीत घेतलं, ओढणी खांद्यावरून सोडली आणि डाव्या हातानं जेवत राहिली. तिच्या त्या कुर्त्याला बाजूनं चेन आहे, काही कळतसुद्धा नाही. मी शेजारी बसले होते, तरी मला फक्त मोजे घातलेले दोन पाय दिसत होते.

मॅनेजर आला. मुग्धाकडे बघितलंच नाही त्यानं. निखिलरावांना म्हणाला, "सर, तिकडे वॉशरूमच्या पॅसेजमध्ये खुर्ची टाकून देतो मॅडमना."

निखिलराव म्हणाले, "मला काय सांगता, त्यांना विचारा. जेवतायत त्या."

मुग्धा म्हणाली, "माझं होत आलंय. हिचंही."

तो बिचारा घुटमळला. हळू आवाजात म्हणाला, "तसं नाही मॅडम, कम्प्लेंट आलीय." मग गल्ल्याकडे निघून गेला. मला त्याचा फारसा राग आला नाही. तक्रार आली की त्याला उठावं लागतं, आणि उठून नेमकं काय बोलायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. राग आला तो पॅसेजचा. तिथे फिनेलचा वास येतो आणि भांडी घासायला नेणारी पोरं ये-जा करत असतात.

आमचा वाढपी वीस-बावीस वर्षांचा मुलगा होता. तो काही न बोलता आला, मुग्धाच्या वाट्या उजवीकडच्या डावीकडे केल्या, एक चमचा ठेवला आणि पुढच्या टेबलाला भात वाढायला गेला.

तक्रार कुणाची ते हात धुवायला गेले तेव्हा कळलं. माझ्याच वयाच्या बाई, सोबत कॉलेजातले दोन नातू. नातू मोबाइलमध्ये गुंतलेले. बाई बेसिनपाशी स्वतःच बोलल्या, "रागावू नका हं, पण आम्हीही पाजलंय की. असं चारचौघांत नाही."

"मग कुठे पाजायचात?"

"घरीच! आपण बाहेर जायचो कुठे? सव्वा महिना खोलीत, नंतर वर्षभर उंबऱ्याच्या आत. हॉटेल बघितलं ते पोरगं शाळेत गेल्यावर."

म्हणजे चारचौघांत न पाजण्याचा नियम त्यांनी पाळला असं नाही, त्यांना चारचौघं भेटलेच नव्हते. हे मी त्यांना बोलून दाखवलं. त्या थोडं हसल्या, "असेल बाई" म्हणाल्या आणि रुमालाला हात पुसून गेल्या. मत बदललं नसावं.

घरी येताना आठवलं, इराणी हॉटेलांतून आणि उडप्यांकडे पूर्वी 'फॅमिली रूम' असायची. लाकडी आडोसा, वर दोरीला पडदा. बाईमाणूस बरोबर असलं की वेटर बघताक्षणी तिकडे बोट दाखवायचा. तिथे बसून कुणी मुलाला पाजलं तर कुणाचं काही जात नव्हतं, कारण बाईच मुळात पडद्याआड होती. आडोसे निघाले, बायका मधल्या टेबलांवर येऊन बसल्या, हे चांगलंच झालं. फक्त मुलाला भूक लागली की त्यांना अजून त्या पडद्यामागे पाठवायचं बघतात, आणि आता तो पडदाही नाही, संडासाचा बोळ आहे.

४ ऑगस्ट, सोमवार

मुग्धानं कालचं सगळं एडिनबराच्या मैत्रिणीला सांगितलं. तिचं उत्तर आलं: आमच्याकडे त्या मॅनेजरवर गुन्हा झाला असता. स्कॉटलंडच्या संसदेनं २००५मध्येच कायदा केलाय, दोन वर्षांखालच्या मुलाला सार्वजनिक जागी दूध पाजू न देणं हा अपराध. पुढे २०१०च्या समानता कायद्यानं इंग्लंडातही अशा बाईला हटकणं बेकायदा ठरलं. तरीही २०१४च्या डिसेंबरात लंडनच्या एका बड्या हॉटेलात चहाला बसलेल्या बाईला बाळासकट नॅपकिननं झाकून घ्यायला लावलंच. नायजेल फराज हे पुढारी रेडिओवर म्हणाले, कोपऱ्यात बसावं की. काही दिवसांतच बायका पोरं घेऊन त्याच हॉटेलच्या दारात पाजत बसल्या.

तेव्हा कायदा असला की माणसं सुधारतात असं नाही. पण कायदा असला की मॅनेजरला तक्रार करणाऱ्याला उत्तर देता येतं. कालच्या त्या गृहस्थाला तेवढंच हवं होतं.

आपल्याकडे २०१८ साली कोलकात्याच्या एका मॉलमध्ये आईला टॉयलेटमध्ये जाऊन पाजायला सांगितलं. तिनं फेसबुकवर जाब विचारला, तर मॉलच्या पानावरून तिलाच सुनावण्यात आलं की घरची कामं घरी उरकून यावं. गदारोळ झाल्यावर माफी. बाळाची भूक हे घरचं काम, हे वाक्य ज्यानं टाइप केलं त्याला मी आमच्या वॉर्डात एक रात्रपाळी करायला लावली असती.

५ ऑगस्ट, मंगळवार

छकुलीच्या जन्मदाखल्यात नावाची नोंद करायला एका सरकारी कचेरीत. दीड तास बाकावर. भिंतीवर पाटी: 'हिरकणी कक्ष', बाण उजवीकडे. बाणानं गेलो तर दाराला कुलूप. किल्ली शिपायाकडे, शिपाई जेवायला. खिडकीतून पाहिलं तर आत बांधलेले गठ्ठे, एक बंद कूलर आणि कुणाचा तरी डबा.

मुग्धा चिडली. म्हणाली, "आई, जिनं बंद दरवाजा मानला नाही आणि कडा उतरून लेकराकडे गेली, तिचं नाव कुलपाच्या खोलीला!" कोजागिरीला रायगडाचे दरवाजे मिटले, दूध घालायला आलेली गवळण अंधारात कडा उतरून गेली, महाराजांनी तिथे बुरूज बांधून तिचं नाव दिलं, ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी शाळेत वाचलेली. तिचं म्हणणं ऐकायला छान आहे. पण मला नावाशी भांडण नाही. एसटीच्या स्थानकांवर हे कक्ष निघाले तेव्हा मी माझ्या किती पेशंटांना सांगितलं होतं, लांबच्या प्रवासाला जाताय ना, मग विचारा, खोली असते. सगळ्याच बायकांना उघड्यावर पाजायचं नसतं. टाके ओले असतात, बाळ नीट धरत नाही, अंगावर सांडतं, रडू येतं. पहिल्या महिन्यात तर पंख्याखालची चार भिंतींची खोली हवीच. ती उघडी आणि झाडलेली हवी, एवढंच.

विधिमंडळात तरी दुसरं काय झालं? देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२मध्ये अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूर अधिवेशनाला आल्या, त्याचं केवढं कौतुक झालं, फोटो निघाले. पुढच्या मुंबईच्या अधिवेशनात त्यांच्यासाठीचा हिरकणी कक्ष धुळीचा निघाला आणि त्यांनी तो तिथेच पत्रकारांना दाखवला. आमदारबाईंना पत्रकार तरी मिळाले.

आम्ही शेवटी बाकावरच बसलो. समोर घोंगडं अंथरून एक मजूर बाई बसली होती, ती मघापासूनच पोराला पाजत होती, अंगावर पदर नीट नव्हताही. माणसं तिला ओलांडून जात होती. कुणी हटकलं नाही, कुणी बघितलंही नाही. मुग्धानं छकुलीला घेतलं मात्र, खिडकीतला कारकून, रांगेतले दोघं आणि एक वकील, सगळ्यांच्या माना वळल्या आणि मग घाईघाईनं परत फिरल्या. पुलाच्या कामावर, मासळी बाजारात, सिग्नलला जी पाजते तिच्याबद्दल कधीच कुणाची तक्रार येत नाही. तिला मोकळीक दिलेली नाही, ती हिशेबातच धरलेली नाही. मुग्धासारखीनं पाजलं की तेवढ्यापुरती संस्कृती जागी होते.

६ ऑगस्ट, बुधवार

पाऊस. दुपटी वाळत नाहीत.

दुपारी वहिनींचा फोन. हॉटेलची हकीकत ऐकून म्हणाल्या, "आपल्यात पूर्वीपासून झाकूनच पाजतात." हो, झाकूनच. पण माझ्या आजोळी साताऱ्याकडे आजी ओसरीवर बसून, समोर पाटलांशी जमिनीच्या वादाचं बोलत, धाकट्या मामाला पदराखाली घ्यायची. पाटील उठून जात नसत आणि आजीही. पदर होता तो दृष्टीसाठी. पिणाऱ्या लेकराकडे कुणी टक लावली तर दूध आटतं, बाळाला दृष्ट लागते. म्हणजे दोष बघणाऱ्याच्या डोळ्यात होता. आजीच्या पदराला लाज कधी चिकटली कुणास ठाऊक, पण आता दोष पाजणारीकडे आलाय खरा.

केरळात २०१८ला 'गृहलक्ष्मी' मासिकानं मुखपृष्ठावर पाजणारी बाई छापली, टक लावू नका, आम्हाला पाजू द्या, अशा अर्थाच्या ओळीसह. अश्लील म्हणून प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाला त्यात अश्लील काही दिसलं नाही. मलाही दिसलं नव्हतं. तरी मला ते मुखपृष्ठ पटलं नव्हतं. ती मॉडेल स्वतः आई नव्हती. टापटीप साडी, भांगात कुंकू, चेहऱ्यावर झोपेचं कर्ज नाही. दुधानं भिजलेला ब्लाउज, विस्कटलेला अंबाडा आणि एका हातात वडापाव अशी बाई छापली असती तर गोष्ट खरी झाली असती. कदाचित खपली नसती.

७ ऑगस्ट, गुरुवार

सप्ताह संपला. वॉर्डातल्या जुन्या मैत्रिणीनं रांगोळ्यांचे फोटो पाठवले. छान होत्या. आई पलंगावरच.

निखिलरावांनी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल शोधून काढला, रात्री जेवताना वाचून दाखवला. १९ फेब्रुवारी २०२५चा, न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांचा. वराळे आपल्या निपाणीचे. मूळ हकीकत मजेशीर आहे: २०१८मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात नऊ महिन्यांच्या बाळाच्या नावानं याचिका झाली होती, मला प्यायला जागा द्या म्हणून. त्यातूनच संस्था उभी राहिली आणि प्रकरण वर गेलं. न्यायालयानं राज्यांना सांगितलंय की आहेत त्या सार्वजनिक इमारतींत शक्य तितकं करा, आणि ज्या अजून कागदावर आहेत त्यांत अशा खोलीची जागा आधीच राखून ठेवा. शिवाय, सार्वजनिक ठिकाणी आणि कामाच्या जागी पाजणाऱ्या बाईकडे कलंक म्हणून बघायचं नाही.

मुग्धा म्हणाली, दुसरं वाक्य महत्त्वाचं. मी म्हटलं, पहिलं. निखिलराव म्हणाले, दोन्ही एकाच निकालात आहेत, भात घ्या. तरी आमचं चाललंच. तिची भीती अशी की खोली झाली की मॅनेजरला बोट दाखवायला जागा मिळेल: तिकडे जा. आणि माझी अशी की खोली नसली तर भिडस्त पोरी वरच्या दुधाचा डबा पर्समध्ये घेऊन फिरतील. त्या डब्याच्या जाहिरातीला १९९२च्या कायद्यानं बंदी आहे. पण हॉटेलातल्या चार टेबलांच्या नजरा ती जाहिरात फुकट करतात.

१० ऑगस्ट, रविवार

मुग्धाची रजा ऑक्टोबरात संपतेय. सव्वीस आठवडे, २०१७च्या दुरुस्तीमुळे. पन्नास किंवा जास्त माणसं असली तर पाळणाघर द्यावं लागतं, आणि मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सुट्टी, ही तर १९६१च्या कायद्यापासूनची. तिनं हे सगळं लिहून ऑफिसला ईमेल केला होता, त्याचं उत्तर आज आलं, रविवार असूनही. पाळणाघराचं 'बघतो आहोत'. दूध काढून ठेवायला खोली मिळेल, मीटिंग रूम, मात्र आदल्या दिवशी बुक करावी लागेल आणि क्लायंट आले तर सोडावी लागेल.

मुग्धा हसत सुटली. म्हणाली, "पान्ह्याला आदल्या दिवशी कॅलेंडर इन्व्हाइट पाठवते."

मी विचारलं, त्या खोलीच्या भिंती काचेच्या आहेत का? आहेत म्हणाली. आणि आतून कडी? ते तिला आठवेना. फ्रीज कुठे आहे तेही विचारायचं राहिलंय. उद्या दुसरा ईमेल करणार आहे. कडी, पडदा, फ्रीज आणि क्लायंट, असे चार मुद्दे आम्ही दोघींनी मिळून काढलेत. छकुलीला सीसीमध्ये ठेवावं का, यावर निखिलराव अजून विचार करतायत.