न उघडता पाहिलेली फाइल

मैत्रिणींनो, बरणीचं झाकण न काढता आत रवा आहे की मैदा, ते दिसलं तर? मॅकबुकवर दिसतं! निबंधांच्या ३२ फाइली एकेक उघडून तपासताना माझं दूध हमखास उतू जायचं. लेकीनं शिकवलं : फाइलवर एकदा टिचकी मारून स्पेसची कळ दाबायची; मजकूर समोर. खालच्या बाणाने पुढची फाइल, पुन्हा स्पेस दाबली की बंद. सोय २००७ सालापासूनची, मला कळली परवा! ट्रॅकपॅडवर बोट घट्ट दाबूनही जमतं, पण मला आपली कळच बरी.

भराभर पाहताना एक फाइल आली. वर नाव, खाली कोरं पान. एरवी शून्य देऊन मोकळी झाले असते. हाताशी वेळ होता, म्हणून घरी फोन केला. मुलानंच घेतला. आई चार दिवस दवाखान्यात होती, नि धाकटीला तोच सांभाळत होता.