विहिरीतला हंसराज

वसईतील आमच्या घरामागे एक दगडी विहीर होती. तिच्यावरचा रहाट माझ्या बालपणीच थांबला होता. परंतु पावसाळा लागला की आतल्या दगडांच्या फटींतून हंसराजाचे नेचे लवलवू लागत. तारेसारखे बारीक, काळेभोर, चकचकीत देठ आणि त्यांवर दोहों बाजूंना अर्धचंद्राकृती कोवळी पाने. आई पाणी शेंदताना बजावी, "याला ओरबाडू नका रे, विहिरीची शोभा आहे ती."

तीन वर्षांपूर्वी, ऑगस्ट महिन्यात, थोरल्या भावाने ती विहीर बुजवण्याचे ठरवले. "दादा, आईची विहीर आहे ती," मी म्हणालो. "तू चर्चमध्ये राहतोस. तिच्या काठाशी माझी नातवंडं खेळतात," तो म्हणाला. शब्दाने शब्द वाढला. हंसराजाचे दोन गड्डे मुळांवरच्या मातीसह उचलून मी परतलो आणि पुढे वर्षभर त्या घराची पायरी चढलो नाही.

उत्तम जागा द्यावी म्हणून पहिला गड्डा मी चर्चसमोरील मरियामातेच्या ग्रोटोपाशी लावला. पाऊस उघडला, ऊन तळपू लागले आणि आठ दिवसांत त्याची पाने करपून गेली. सावलीत वाढणाऱ्या जिवाला मी सन्मान म्हणून ऊन दिले होते!

दुसऱ्याच्या बाबतीत शहाणा झालो. उत्तरेकडील व्हरांड्यात, जेथे उजेड असतो पण ऊन येत नाही, तेथे त्याची कुंडी ठेवली. तळाशी विटांचे तुकडे, वर कुजलेला पालापाचोळा, बागेतली माती आणि जाडसर वाळू समप्रमाणात. माती ओलसर हवी, पण पाणी साचता कामा नये; मुळे कुजतात. खताचा भडिमार त्याला सोसत नाही. हवेत दमटपणा राहावा म्हणून कुंडीखाली खडे पसरलेली, पाण्याची ताटली ठेवली. कुंडी मात्र खड्यांवर, पाण्याच्या वर.

पाणी शिंपडले की थेंब पानांवरून मोत्यांसारखे घरंगळत. हंसराजाचे शास्त्रीय नाव अॅडिअँटम. सेमिनरीत गिरवलेले ग्रीक तेव्हा कामी आले: या शब्दाचा अर्थ 'न भिजणारे'. गंमत अशी, की याच वनस्पतीचा वंश पाण्यावाचून चालत नाही. तिला फूल नाही, बी नाही. पानांच्या दुमडलेल्या कडांखाली बीजाणू धरतात. ओल्या जागी पडलेल्या बीजाणूतून हृदयाच्या आकाराचा एक इवलासा हिरवा पापुद्रा उगवतो आणि त्यावरील पाण्याच्या पातळ थरातूनच फलन घडते.

नोव्हेंबरात पाने पिवळी पडू लागली. जानेवारीत कुंडी रिकामी दिसू लागली. मी स्वयंपाक करणाऱ्या मावशींना ती उपडी करावयास सांगितले. त्या म्हणाल्या, "फादर, मे महिन्यात विहिरीत हंसराज कधी पाहिला होता का तुम्ही?"

मी निरुत्तर झालो. सेमिनरीतून मी सुट्टीवर घरी येई तो मे महिन्यातच. तेव्हा विहिरीचे दगड उघडे असत. पण आठवणीत मात्र मी बारमाही पावसाळा जपला होता. त्या कोरड्या दिवसांत हंसराज मेलेला नसतो. मातीखालच्या खोडात तो निजलेला असतो. मावशींनी कुंडी सावलीत सरकवली. माती अगदी ठणठणीत कोरडी पडू नये इतकेच पाणी मी अधूनमधून देत राहिलो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिल्या सरींनंतर, मुठी आवळलेले चिमुकले कोंब वर आले. ऑगस्टपर्यंत लांबलेल्या पानांची टोके वाकून शेजारच्या कुंडीतील मातीला टेकली आणि जेथे टेकली तेथे त्यांना मुळे फुटली. टोकावर एक खडा ठेवून ते मातीशी धरून ठेवले, की नवे रोप हमखास मिळते. हंसराज असा वाकत वाकतच पुढे जातो.

८ सप्टेंबरला, मरियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, त्यातले एक रोप घेऊन मी घरी गेलो. विहिरीच्या जागी आता फरशी होती. दादाने कुंडी हातात घेतली, काळ्या देठावरून बोट फिरवले आणि बराच वेळ काही बोलला नाही.

"याला ऊन लागतं का रे?" अखेर त्याने विचारले.

"नाही. सावलीच. आणि उन्हाळ्यात सुकला तर टाकून देऊ नकोस."

न्हाणीघराच्या भिंतीलगत, जेथे आईची घागर असे, तेथे त्याने कुंडी ठेवली.