अन्नशुद्धी

कुक्षी म्हणजे पोट. धार जिल्ह्यात, निमाडच्या सखल मुलखात, बाघच्या लेण्यांपासून जवळच असलेल्या आमच्या गावाचे हेच नाव आहे. पूर्वी हे गाव पवारांच्या धार संस्थानात मोडत असे. आमचे घराणे मूळचे गोव्याकडचे. परंतु निमाडात दोन पिढ्या गेल्या तरी घरातले चातुर्मासाचे नेम सुटलेले नाहीत.

गतवर्षी भाद्रपद शुद्ध द्वादशीस, दिवेलागणीच्या सुमारास, पुण्यास शिकणारी आमची पुतणी इंदूरहून बसने आली. हातपाय धुऊन पानावर बसली आणि म्हणाली, "आजी, मी दूधदुभत्याचे काहीच घेत नाही. तूपसुद्धा नाही." वरणाला फोडणी तुपाची. दह्याचा नेम आदल्याच दिवशी सुटला होता म्हणून कोशिंबिरीत दही. म्हणजे कोरड्या भातावाचून तिच्यासाठी पानावर काहीच उरले नाही. मातोश्री खिन्न झाल्या. "अन्नशुद्धीवाचून जेवण कसले?" एवढेच त्या म्हणाल्या. पोर म्हणाली, "मी केळे खाऊन निजते."

द्वादशीच्या दिवशी घरी आलेले लेकरू उपाशी निजणार! आमच्या सौभाग्यवती काही न बोलता उठल्या. वैशाखात वळून उन्हात वाळवलेल्या गव्हाच्या शेवयांचा डबा त्यांनी काढला. दोन वाट्या शेवया शेंगदाण्याच्या चमचाभर तेलात मंद आचेवर तांबूस भाजल्या; भाजणी नीट झाली की शेवया शिजताना चिकटून गोळा होत नाहीत. मग मोहरी, कढीलिंब, आले आणि निमाडी हिरव्या मिरचीची फोडणी देऊन त्यात बारीक चिरलेली फरसबी, गाजर व कोबी परतले. चातुर्मास म्हणून कांदा-लसूण नाही. भाज्या अर्धवट शिजताच आधणाचे पाणी, मीठ आणि चिमूटभर साखर घालून वर शेवया सोडल्या. झाकण ठेवून एक वाफ आणली. उतरवल्यावर लिंबू, कोथिंबीर आणि खवलेला नारळ घातला. अर्ध्या तासात सारे सिद्ध झाले.

मातोश्री हे सर्व पाहत होत्या. आम्ही हळूच म्हणालो, "आई, तुमचेही क्षीरव्रत कालपासूनच लागले ना?" माध्व परंपरेत चातुर्मासाचे चार महिने अनुक्रमे भाजी, दही, दूध आणि द्विदल धान्ये वर्ज्य असतात, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. अर्थात दोन्ही नेम एक नव्हेत. क्षीरव्रतात दूध वर्ज्य असले तरी दही-तूप चालते, आणि व्रत महिन्याने संपते. विलायतेत 1944 साली 'व्हीगन' हा शब्द निघाला, त्या पंथात मात्र प्राण्यापासून मिळणारे सर्वच अन्न कायमचे वर्ज्य. मातोश्रींनी नेमका हाच भेद धरला. "आमचे व्रत देवासाठी असते. तुझे कोणासाठी ग?"

"गाईसाठी, आजी. आणि तिच्या वासरासाठी."

मातोश्री बराच वेळ बोलल्या नाहीत. गोठ्यात जन्म काढलेल्या त्या; वासराला आधी पाजून मग धार काढणाऱ्या. त्यांना नातीचे म्हणणे पटले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या उठल्या, वृंदावनातून आणून ठेवलेल्या तुळशीपैकी एक पान त्या शेवयांवर ठेवले आणि ताट देवापुढे नेले. तुपावाचून नैवेद्य दाखवताना त्यांचा हात क्षणभर अडखळला, हे आम्ही पाहिले. परत येऊन त्यांनी ते ताट नातीपुढे सरकवले. "जेव. देवाने घेतले."

गीतेत भगवंतांनी भक्ताकडून पान, फूल, फळ आणि पाणी एवढेच मागितले आहे. त्यात तुपाचा उल्लेख नाही, आणि नवल असे की दुधाचाही नाही. मागितले आहे ते भक्तीने दिलेले. तूप वाढले म्हणजे अन्न शुद्ध होते, हे आम्ही लहानपणापासून मानीत आलो आणि आमच्या पानावर ते यापुढेही राहील. पण त्या रात्री अन्न शुद्ध झाले ते दुसऱ्याचा नेम राखल्याने, असे आम्हांस वाटते.

स्वतःचेच पोट भरणाऱ्यास संस्कृतात कुक्षिंभरी म्हणतात. कुक्षीत राहणाऱ्यांनी तरी तो शब्द आपल्यास लागू देऊ नये.