बंद घरांचीही नोंद

गारपिटीने किंवा शेतात पाणी साचल्याने सोयाबीन गेलं, तर विमा कंपनीला 72 तासांच्या आत कळवायचं, हा प्रधानमंत्री पीकविमा योजनेतला नियम होता. 2023 च्या खरिपात महाराष्ट्रात विमा एका रुपयात भरता येऊ लागला (ही सोय 2025 मध्ये बंद झाली) आणि धाराशिव जिल्ह्यातल्या पारांवर दुसरा विषय उरला नाही. हा 72 तासांचा नियम गावोगाव पोचवण्याचं काम आमच्या छोट्या संस्थेकडे आलं. पत्रकं, बातम्या, बैठका यांची मला सवय होती. आमच्या प्रशिक्षक बाईंनी मात्र छपाई थांबवली आणि आधी लोकांना विचारून या म्हणाल्या. जॉन मार्स्टन या अमेरिकन अभ्यासकाने 1963 साली जनसंपर्काचा जो क्रम मांडला, त्यातही पहिलं संशोधन, मग कृती, मग संवाद आणि शेवटी मूल्यमापन येतं.

तालीम तुळजापूर तालुक्यातल्या एका गावात झाली. बाईंनी एकच गोष्ट दोन तऱ्हांनी विचारायला लावली. "काका, 72 तासांचा नियम माहीत आहे का?" असं विचारलं की बहुतेक घरांतून 'हो' यायचं. दारी आलेल्या माणसाला चहा ठेवल्यावर 'नाही' कोण म्हणणार? दुसऱ्या फेरीतला प्रश्न असा होता : "समजा, काल रात्री गारा पडल्या. आज सकाळी उठून तुम्ही काय काय कराल?" मग माणसं मोकळी झाली. कुणी तलाठ्याला फोन लावणार होतं, कुणी पंचनाम्याची वाट बघणार होतं. काहींची विम्याची पावती सेवा केंद्रावरच राहिली होती, त्यामुळे अर्ज क्रमांक हाताशी नव्हता. एक मावशी म्हणाल्या, "ताई, जमीन माझ्या नावावर, पर मोबाईल पोराकडं, अन् पोरगं पुण्याला." नियम ठाऊक असलेल्या घरातही तीन दिवस कसे निघून जातात, हे मला तिथे कळलं.

कोणत्या घरी जायचं, हे ठरवायला ग्रामपंचायतीच्या यादीतून ठरावीक अंतराने घरं निवडायची होती. पद्धत सोपी आहे, पण आपल्या जिल्ह्यात ती ऋतूवर अवलंबून असते. भूम, वाशी, कळंबकडची ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. आम्ही जानेवारीत फिरत होतो. यादीतल्या घराला कुलूप दिसलं की शेजारचं घर घ्यावंसं वाटतं. पण शेजारी गावात राहू शकतो, कारण बहुधा त्याच्या विहिरीला पाणी असतं. कोरडवाहू तुकड्यावरचं सोयाबीन गेलं तर ज्याचं वर्ष बुडतं, तो फडात असतो. अशी घरं बदलत गेलं तर अहवाल बागायतदारांचा होतो आणि त्यावर नाव अख्ख्या गावाचं लागतं. म्हणून बंद घर 'बंद' म्हणूनच नोंदवायचं आणि पाडव्यानंतर तिथे पुन्हा जायचं. मी जे काही शिकले, त्यात याहून मोलाचं मला काही वाटत नाही.

या जिल्ह्याला लोकांना आधी विचारण्याचं हे काम तसं नवं नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात घरदुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रम राबवला गेला. त्यात प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' संस्थेने गावातल्याच बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. लोहारा तालुक्यात मला त्यांतल्या एक आजी भेटल्या. बैठक देवळापुढे भरायची, तिथे पुरुष बोलायचे. आजी दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन बायकांना विचारायच्या. माळवदाची माती उतरवली तर उन्हाळ्यात घर तापेल का, भिंतीत दगड बसवताना चूल कुठे हलवायची, हे प्रश्न त्यांना चुलीपाशी सापडले आणि त्यांनी ते इंजिनिअरपर्यंत नेले. गटचर्चा स्त्रियांची वेगळी घ्यावी, असं आमच्या टिपणांत लिहिलेलं होतंच. ते का, हे आजींनी सांगितलं.

पत्रकाचा कच्चा नमुना आम्ही लोकांकडूनच वाचून घेतला आणि "यात काय सांगितलंय, तुमच्या शब्दांत सांगा" असं म्हटलं. जिथे वाचणारा अडखळला, ती ओळ काढली. शासकीय भाषेतला वरचा परिच्छेद सगळाच गेला. अर्ज क्रमांक आणि गट नंबर लिहायला दोन मोठे चौकोन आले, पत्रक दाराआड चिकटवता येईल अशा आकाराचं झालं, आणि 'मुलगा बाहेरगावी असेल तर गावातल्या कुणाचा फोन वापराल?' असा एक रकाना मावशींमुळे आला.

मूल्यमापनात पूर्वी बातम्यांची कात्रणं मोजून, जाहिरातीच्या दराने त्यांची किंमत काढत. 2010 च्या बार्सिलोना तत्त्वांनी ही रीत स्पष्टपणे नाकारली, आणि ते योग्यच झालं. कात्रणांची फाईल जाडजूड असूनही त्या मावशींची तक्रार नोंदवायची राहू शकते. आम्ही पाडव्यानंतर त्याच घरांत गेलो आणि तोच गारपिटीचा प्रश्न विचारला. जानेवारीत कुलूप असलेली बरीच दारं तेव्हा उघडी होती. त्या घरांची उत्तरं आम्ही वेगळ्या तक्त्यात मांडली आणि खरिपाआधीच्या बैठका त्यांच्याच वस्त्यांपासून सुरू केल्या.