खिळा उपटू नकोस

चि. अनघास,


तू पाठवलेला फोटो मोठा करकरून पाहिला. मागच्या डाव्या चाकातलं खिळ्याचं डोकं रस्त्यावर घासून चकचकीत झालंय, म्हणजे तो आज घुसलेला नाही. ‘हवा जात नाहीये मामा, मग शनिवारी नागपूरला निघायला काय हरकत आहे?’ असं तू विचारलंस. हरकत आहे. फोनवर घाईत सांगण्यापेक्षा नीट लिहावं असं वाटलं.

आमच्या फियाटच्या काळात असा प्रश्न पडतच नसे. ट्यूबला खिळा लागला की थोड्याच वेळात चाक बसायचं. तुझा टायर ट्यूबलेस आहे. त्याच्या आतल्या अंगाला हवा धरून ठेवणारा ब्यूटाइल रबराचा थर असतो, तो खिळ्याभोवती आवळून बसतो. ज्यानं भोक पाडलं, तोच सध्या त्या भोकाचं बूच होऊन बसलाय. म्हणून पक्कड हातात घेऊ नकोस. मी एकदा घेतली होती, तुझ्या आजीला दवाखान्यात न्यायचं होतं त्याच सकाळी. खिळा निघाला आणि बघता बघता टायर जमिनीला टेकला. मी स्टेपनी लावेपर्यंत आई पायरीवर पदर सावरून बसून होती. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

खिळा बुटका असेल तर तो आतपर्यंत पोचलाही नसेल. नव्या टायरची नक्षीच सात-आठ मिलिमीटर खोल असते आणि तिच्याखाली तारांचे पट्टे. पण बाहेरून हे ओळखता येत नाही. तेव्हा उद्या सकाळी गाडी हलवायच्या आधी हवेचं प्रेशर मोज आणि लिहून ठेव. परवा सकाळी त्याच वेळी पुन्हा मोज. दुपारी नको. टायर पाच-सहा अंशांनी तापला तरी प्रेशर साधारण एक पीएसआयनं चढतं आणि बारीक गळती त्यात झाकली जाते. खिळ्यावर साबणाचं पाणी ओत आणि दोन मिनिटं तिथून हलू नकोस; बुडबुडा अगदी सावकाश फुगतो.

बुडबुडे आले नाहीत तरी समृद्धी महामार्गावर तशीच जाऊ नकोस. तिथे १२०च्या वेगाला तुझं चाक सेकंदाला जवळजवळ १८ वेळा फिरेल, आणि प्रत्येक फेरीत काँक्रीट त्या खिळ्याला दाबेल, हलवेल. भोक सैल होतं, हवा उतरते, कमी हवेचा टायर आतून तापत जातो आणि ऐन वेगात फुटू शकतो. त्या गाडीत मागच्या सीटवर पिल्लू असणार आहे, अनघा.

शुक्रवारच्या आत सावकाश टायरवाल्याकडे जा. खिळा त्याच्या हातूनच निघू दे. बाहेरून नुसती स्ट्रिप कोंबून घेऊ नकोस. टायर रिमवरून उतरवून आतून बघायला आणि मश्रूम पॅच लावायला सांग. जास्त वेळ लागेल, पैसेही लागतील, लागू देत. भोक मधल्या भागात आणि सहा मिलिमीटरपेक्षा लहान असेल तरच हा इलाज. फोटोत मला खिळा टायरच्या खांद्याजवळ दिसतोय, त्याचीच खरी धास्ती आहे. तिथे पॅचवर भरवसा ठेवता येत नाही. टायरवाल्यानं नाही म्हटलं तर त्याच्याशी हुज्जत न घालता टायर बदल. पैसे मी पाठवतो.

निघालेला खिळा फेकू नकोस. त्याची लांबी मोजून मला कळव.

तुझा,
मामा