अबोला
आमच्याकडे भांडणात आवाज चढत नाही, भांडी आपटतात. आज तर मुलीमार्फत निरोप सुरू: "बाबांना सांग, डबा भरलाय." आणि बाबा दोन हातांवर उभे! हा अबोला मला आरडाओरड्यापेक्षा जास्त झोंबतो. ओरडणाऱ्याला निदान उलट उत्तर तरी देता येतं.

मुक्ताबाईचे ताटीचे अभंग आठवले. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसले, तेव्हा धाकट्या बहिणीने ते म्हटले, असं परंपरा सांगते. ती रुसून निघून गेली नाही. बाहेरूनच बोलत राहिली. थोडं चुचकारलं, थोडं सुनावलंही. (धाकट्यांनाच हे जमतं बहुधा, मोठ्यांचा मान आडवा येतो.)

आमचा सिलिंडर संपत आलाय. तो बदलताना तरी कुणीतरी तोंड उघडेल.