नेडुम्बासेरीच्या विमानतळाचा जमाखर्च

विमानतळ आपल्यापैकी बहुतेकांना बाहेरूनच ठाऊक असतो. कुर्ला, घाटकोपर, साकीनाका, मरोळ या वस्त्यांच्या डोक्यावरून दिवसरात्र विमाने जातात. कुणाचा मुलगा तिथे सामान चढवतो, कुणाची बहीण फरशी पुसते, कुणी गेटवर पहारा करतो. तिकीट काढून आत जाणारे थोडेच. मग विमानतळाच्या धुराचा हिशेब आपण का वाचावा, असे कुणी विचारील. धूर सर्वांच्या आकाशात जातो म्हणून वाचावा. तापलेल्या हवेचा आणि पुराचा पहिला फटका पत्र्याच्या घराला बसतो, म्हणूनही वाचावा.

अलीकडे मोठे विमानतळ जाहीर करू लागले आहेत की, अमुक सालापर्यंत आम्ही कार्बनचे उत्सर्जन इतके कमी करू, तमुक सालापर्यंत शून्यावर आणू. आपल्या मुंबईच्या विमानतळाने २०२९ साल जाहीर केले आहे. ही उद्दिष्टे ठरतात कशी, हा प्रश्न आमच्या मनात होता. एलटीसीवर कुटुंबासह केरळला जाण्याचा योग आला, तेव्हा मुन्नारचे चहाचे मळे आणि अलेप्पीच्या होड्या यांच्या जोडीने आम्ही कोचीचा विमानतळही यादीत घातला. मुलांना वाटले, विमानात बसायचे! प्रत्यक्षात आम्ही गेलो नेत्रावती एक्सप्रेसने, डबे-पिशव्या घेऊन, आणि उतरलो अलुवा स्टेशनवर.

अलुवा हे पेरियार नदीकाठचे गाव. तिथून अंगमालीच्या बाजूला गेले की नेडुम्बासेरी लागते. नारळ, केळी, मध्येच भाताची खाचरे आणि त्यातच उतरत्या छपरांचा, केरळी घराच्या धाटणीचा विमानतळ. हा विमानतळ एकट्या सरकारने बांधलेला नाही. राज्य सरकारबरोबर आखातात व इतर देशांत राबणाऱ्या हजारो मल्याळी माणसांनी यात पैसे घातले. २५ मे १९९९ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले ते राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते. केरळातील उझवूर गावच्या दलित कुटुंबात जन्मलेला मुलगा देशाचा राष्ट्रपती होऊन आपल्याच राज्यातील विमानतळ खुला करतो, ही गोष्ट आम्ही मुलांना तिथे उभे राहून सांगितली.

आता मूळ विषय. विमानतळाला दिवे, वातानुकूलन, सरकते जिने, सामानाचे पट्टे यांसाठी चोवीस तास वीज लागते. कोचीच्या व्यवस्थापनाने २०१३ साली इमारतीच्या छपरावर १०० किलोवॅटचे छोटे सौर संयंत्र बसवून सुरुवात केली. मग १ मेगावॅटचे बसवले. अनुभव आल्यावर कार्गो विभागाजवळच्या ४५ एकर जागेत ४६,१५० सौर पट्ट्या मांडल्या. हे १२ मेगावॅटचे संयंत्र १८ ऑगस्ट २०१५ रोजी सुरू झाले, आणि पूर्णपणे सौर विजेवर चालणारा जगातला पहिला विमानतळ म्हणून कोचीचे नाव झाले. २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्याला ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा आपला सर्वोच्च पुरस्कार दिला.

सूर्य तर रात्री नसतो, मग रात्रीचे काय? आमच्या सौभाग्यवतींनी हाच प्रश्न विचारला. उत्तर बँकेच्या खात्यासारखे आहे. दिवसा जादा झालेली वीज राज्य वीज मंडळाच्या जाळ्यात जमा करायची आणि रात्री लागेल तेवढी काढून घ्यायची. वर्षाअखेर जमा खर्चाइतकी किंवा जास्त असली की खाते जुळले. सुरुवातीच्या काळात ही गरज दिवसाला सुमारे ५० हजार युनिट होती. ज्या घरात महिन्याला १०० युनिट जळतात, अशा ५०० घरांची महिन्याची वीज तिथे एका दिवसात लागे!

कुंपणाबाहेरून जेवढे दिसले तेवढे आम्ही पाहिले. निळ्या पट्ट्यांच्या रांगाच रांगा. या रांगांमधल्या जागेत भाजीपाला पिकवतात. पट्ट्या धुतलेले पाणी त्याच भाजीला जाते, आणि भाजीमुळे तण कमी होऊन पट्ट्यांवर सावली येत नाही. काटकसरीने संसार करणाऱ्या बाईला पटेल असाच हा व्यवहार आहे.

मात्र आमचा पेशा कारकुनाचा. जमा बघून आम्ही थांबत नाही, खर्चाची बाजूही उलटून पाहतो. कार्बनच्या वहीत तीन खाती असतात. पहिले, विमानतळ स्वतः जाळतो ते डिझेल : जनरेटर, गाड्या. दुसरे, विकत घेतलेली वीज. तिसरे, त्याच्या आवारात इतरांनी केलेला धूर : विमाने, टॅक्सी, प्रवाशांच्या गाड्या. विमानतळ आपले उद्दिष्ट जाहीर करतात ते बहुधा पहिल्या दोन खात्यांचे. तिसरे खाते सर्वांत मोठे असते, पण ते विमान कंपन्यांच्या नावावर. या तिसऱ्या खात्यात विमानतळ मदत करू शकतो. उदाहरणार्थ, उभ्या विमानाला जमिनीवरून वीज दिली, तर त्याला आपले शेपटीतले छोटे इंजिन चालू ठेवावे लागत नाही. पण आकाशात गेलेल्या विमानाचे इंधन तो वाचवू शकत नाही.

या वह्या तपासण्यासाठी २००९ साली युरोपातील विमानतळांच्या संघटनेने एक मान्यता योजना सुरू केली. आज ती जगभर चालते. तिच्यात शाळेसारख्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर फक्त धूर मोजायचा. दुसरीवर तो मागील तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा कमी करून दाखवायचा. तिसरीवर विमान कंपन्या व इतरांना सामील करायचे. त्यापुढे, उरलेल्या धुराबदली दुसरीकडे झाडे किंवा स्वच्छ विजेचे प्रकल्प यांना पैसे देऊन ‘भरपाई’ करायची मुभा आहे. २०२० साली आणखी कडक पायऱ्या जोडल्या, त्यांत एकूण धूर खरोखर घटवावा लागतो. २०२३ साली पाचवी पायरी आली. तिच्यात पहिल्या दोन खात्यांतील धूर ९० टक्के किंवा त्याहून अधिक घटलेला असावा लागतो.

खरी मेख आहे ती ‘दर प्रवासी’ या दोन शब्दांत. समजा, एका विमानतळावर दर प्रवाशामागे १० किलो कार्बन निघतो आणि प्रवासी आहेत १ लाख. एकूण झाले १,००० टन. त्याने कष्टाने ते ८ किलोवर आणले. २० टक्के घट, शाबासकी! पण तोवर प्रवासी झाले दीड लाख. एकूण भरले १,२०० टन. कागदावर घट, आकाशात वाढ. कोचीतही प्रवासी वाढले. २०१७ साली नवी तिसरी इमारत सुरू झाली, २०१७-१८ या वर्षात प्रवासी १ कोटींच्या पुढे गेले. पुढे विजेचे खाते जुळते ठेवायला सौर क्षमता वाढवत वाढवत २०२२ पर्यंत ५० मेगावॅटवर न्यावी लागली. २०२१ साली कोझिकोड जिल्ह्यात छोटे जलविद्युत केंद्रही उभारावे लागले. कोचीने ते केले, हे त्यांचे मोठेपण. पण धावणाऱ्याच्या पुढे उद्दिष्टही धावत असते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

परतताना टॅक्सीवाला भेटला. आखातात राहिलेला, म्हणून हिंदी बोलणारा. ऑगस्ट २०१८ च्या महापुराची गोष्ट त्याने सांगितली. पेरियारचे पाणी धावपट्टीवर आले. १५ ऑगस्टपासून विमानतळ बंद पडला तो २९ ऑगस्टला उघडला. सौर पट्ट्याही पाण्यात गेल्या. टॅक्सीवाल्याच्या घरात छातीइतके पाणी होते. त्याची पोरे शाळेतल्या छावणीत राहिली. “विमानतळ दोन आठवड्यांत उभा राहिला, आम्हाला दोन वर्षे लागली,” तो म्हणाला. ज्या वर्षी पर्यावरणाचा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी ही आपत्ती आली. एका विमानतळाने आपली वही स्वच्छ केली म्हणून पाऊस त्याला वगळत नाही, आणि त्याच्या शेजाऱ्याला तर नाहीच नाही. म्हणून सर्वांच्याच वह्या तपासायला हव्यात.

वाचक बंधू-भगिनींनो, यापुढे वर्तमानपत्रात विमानतळाचे वा कुठल्याही कारखान्याचे असे उद्दिष्ट वाचाल, तेव्हा चार प्रश्न विचारा. कोणत्या सालाशी तुलना केली? तीनपैकी कोणती खाती धरली? घट एकूण आहे की दर प्रवासी? आणि धूर खरोखर घटवला, की पैसे देऊन भरपाई दाखवली? दहावीच्या गणितात बसणारे प्रश्न आहेत हे. घरात कॉमर्स शिकणारी मुले असतील, तर त्यांच्याकडून मुंबईच्या २०२९ च्या घोषणेचा हिशेब एकदा या चार प्रश्नांवर मांडून घ्या. आमच्या मुलीने कोचीचा मांडला आहे, वहीची सव्वा दोन पाने भरली.